साचा, फाइल आणि आखणी

(रोहा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'डिजिटल कलेला कला म्हणायचं का?' त्याचं उत्तर द्यायला अर्धं मिनिटही लागू नये. म्हणायचं. रंग ट्यूबमधून आला की पडद्यावरून, यावर कला ठरत असती तर तैलरंगांना आणि कॅमेऱ्यालाही आपण दारातच उभं केलं असतं. मला सतावतो तो प्रश्न व्यवहारातला आहे. डिजिटल चित्र ही कला आहे हे तोंडाने मान्य करणारा माणूस तिचे पैसे द्यायची वेळ आली की का बिचकतो? हाताने रंगवलेल्या चित्रापुढे आपण आपोआप आवाज खाली आणतो. तेच चित्र संगणकावर केलेलं आहे असं कळलं, की 'अच्छा, कॉम्प्युटरवर केलंय होय!' म्हणत पुढच्या चित्राकडे सरकतो. हा 'अच्छा' येतो कुठून, हे आज आपण पाहू.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, शाळेचा फलक दर गुरुवारी नव्याने लिहायचा, आणि पाहुणे येणार म्हटलं की रांगोळीपासून सत्काराच्या मानपत्रापर्यंत सगळं निस्तरायचं. अशा शिक्षकांना गाव 'ड्रॉइंग मास्तर' म्हणे, आणि गणिताच्या मास्तरांच्या दोन पायऱ्या खाली बसवी. त्यांच्या कामाचे वेगळे पैसे द्यायचे असतात, हे कुणाच्या गावीही नसे. तेव्हा पूर्वी कलेला फार मान होता आणि संगणकाने तो घालवला, असं रडगाणं मी गाणार नाही. हाताच्या कलेलाही आपण फुकटच वापरत आलो आहोत.

या विषयासाठी न्यूयॉर्कला जायची गरज नाही. पेणपर्यंत गेलं तरी पुरे. महामार्गाचं काम आडवं आलं नाही तर इथून तासाभराचा रस्ता.

पेणच्या गणपतीत पेणचं असं काय असतं? शाडू येतो गुजरातेतून, भावनगरकडून. प्लास्टर ऑफ पॅरिस येतं राजस्थानातून. रंग कंपनीचे. आणि मूर्ती? तीही म्हटलं तर नक्कलच. एक मूळ मूर्ती कुणीतरी घडवतो, तिच्यावरून साचा घेतात, आणि त्या साच्यातून शेकड्यांनी मूर्ती निघतात, एकीसारखी दुसरी. तरीही श्रावण लागला की दादर-गिरगावात, ठाण्या-पुण्यात मांडवांवर फलक चढतात, 'येथे पेणच्या सुबक गणेशमूर्ती मिळतील.' गिऱ्हाईक त्या 'पेणच्या'साठी चार पैसे जास्त मोजतं. माती परगावची, रंग परगावचा, प्रत हजारांतली एक. मग हे जास्तीचे पैसे कशाचे?

त्यासाठी कारखान्यात जाऊन बसावं लागतं. मळलेला शाडू साच्यात अंगठ्याने दाबत दाबत बसवतात. पुढची बाजू वेगळी, पाठ वेगळी. दोन्ही जोडायच्या, हात लावायचे, सांधा ओल्या बोटाने पुसून नाहीसा करायचा. मग सावलीत वाळवण. घाई करून उन्हात ठेवली तर तडकते. वाळल्यावर पॉलिश पेपर, मग पांढरा हात, मग गनने अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, सोनेरी काम. इथवर काम वाटून घेता येतं. एकीने पितांबर केला, दुसऱ्याने मुकुट केला, चालतं. पण डोळे आखायची वेळ आली की मूर्ती एकाच माणसासमोर येते. आधी डोळ्यातलं पांढरं, मग कोपऱ्यात किंचित लाली, मग वरच्या पापणीची रेघ एका दमात. मग बुबुळ, त्यात काळा ठिपका, आणि सर्वांत शेवटी ब्रशच्या टोकाने चमकेचा पांढरा बिंदू. बुबुळ केसभर वर गेलं तर देव छताकडे बघतो. केसभर खाली आलं तर पेंगतो. आखणी करणारा माणूस त्या अर्ध्या मिनिटात बोलत नाही, आणि आजूबाजूचे त्याला बोलायला लावत नाहीत.

पेणजवळच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून न रंगवलेल्या कच्च्या मूर्तीही मोठ्या संख्येने बाहेरगावी जातात. तिथले कारागीर त्या रंगवून विकतात. साचा तोच, माती तीच. पण पेणमध्ये आखणी होऊन निघालेली मूर्ती आणि ही, यांतला फरक जाणकार लांबूनच ओळखतो. पेणचं जे काही आहे ते त्या नजरेत आहे. शंभर सारख्या प्रतींमध्ये प्रत्येकीवर जे नव्याने, त्या क्षणी ठरवावं लागतं, त्याचे हे पैसे आहेत.

म्हणजे गंमत बघा. 'एका क्लिकवर हजार प्रती निघतात, त्याला कसली किंमत?' हा डिजिटल कलेवरचा सर्वांत आवडता आक्षेप. ज्या जिल्ह्याचं नाव हजार प्रतींच्या मूर्तीमुळे समुद्रापार गेलं, त्या जिल्ह्यात तरी तो कुणी घेऊ नये.

माध्यमावरून भांडायचा आपला अनुभवही मोठा आहे. पीओपी आलं तेव्हा 'ही काय मूर्ती, हा तर प्लास्टरचा माल' असं म्हणणारे होतेच. पीओपी हलकं, लवकर वाळणारं, प्रवासात न मोडणारं. त्याच्या जोरावर गावंच्या गावं या धंद्यात उभी राहिली. पुढे प्रश्न आला पाण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढून पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा देऊन नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर बंधन ठेवलं. हा वाद खाडीचा आणि नदीचा आहे, आणि तो त्याच अंगाने व्हावा. पण त्याच्या आडून एक दुसरंच वाक्य रूढ झालं, 'शाडूची ती कला, पीओपीचा तो धंदा.' हे मला पटत नाही. पीओपीवरची आखणी तोच हात करतो. शाडूची मूर्ती वाईट असू शकते, आणि असतेही.

आता थोडं मागे जाऊ. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. संस्थानिकांच्या महालांतली तैलचित्रं ज्यांनी जन्मात पाहिली नसती, त्यांच्या घरात लक्ष्मी आणि सरस्वती छापील होऊन आल्या. कलेच्या जाणकारांनी नाकं मुरडली, आणि आजही कॅलेंडरचं चित्र म्हटलं की मुरडतात. लोकांनी काय केलं? चौकट केली, देवघरात लावलं, हळदकुंकू वाहिलं. काही घरांत तर त्या छापील देवीला जरीची साडी चिकटवली, टिकल्या-मणी लावले. छापाची प्रत आपल्या हाताने आपली करून घेतली. आज जुन्या बाजारात संग्राहक त्या छापील प्रती शोधत फिरतात. त्यांतही हाताने सजवलेली मिळाली तर हातची सोडत नाहीत. आपल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करणारे रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल यांचंही तसंच. त्यांची चित्रं लोकांनी पाहिली ती छापील. मूळ चित्र किती जणांनी पाहिलं असेल? तरी मुळगावकरांचा कृष्ण घराघरांत ओळखीचा होता. आणि या दोघांच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका. चित्राच्या कोपऱ्यात सही असायची. छापातही ती यायची. मुळगावकरांचं चित्र, दलालांचं चित्र, असंच म्हटलं जायचं.

इथे माझ्या बोलण्याचा सांधा आहे. सगळी नक्कलच असूनही पेणच्या मूर्तीला, रविवर्म्याच्या छापाला, दलालांच्या मुखपृष्ठाला मोल मिळालं, कारण त्यांच्यामागे एक नाव होतं. कुठे माणसाचं, कुठे गावाचं. डिजिटल कलेचं खरं दुखणं प्रत निघण्यात नाही. नाव गळून पडण्यात आहे.

आपल्या नाक्यांवर बघा. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीच्या वेळी, गणपतीत, कुणाच्या वाढदिवसाला गावभर फ्लेक्स लागतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही कामं पेंटर करायचे. इनॅमलचे डबे, फळीवर चढून लिहिलेली अक्षरं, आणि फलकाच्या खालच्या कोपऱ्यात हमखास पेंटरचं नाव. फ्लेक्स आला आणि तो पेंटर संपला. त्याच्या जागी जो मुलगा संगणकापुढे बसला, त्याचं नाव कोपऱ्यात येत नाही. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर ठरतो आणि दुकानावर पाटी असते, 'डिझाइन फ्री.' कापडाचे पैसे द्यायचे, शाईचे द्यायचे, बांबू बांधणाऱ्याचे द्यायचे. चित्र मात्र फुकट! 'पेणच्या सुबक गणेशमूर्ती' असं ज्या फलकावर लिहिलेलं असतं, त्या फलकावरचा गणपतीसुद्धा असाच कुणीतरी फुकटात केलेला असतो.

हे फुकट काम दिसतं कसं, तेही सांगतो. पेणमध्ये एका तरुणाला मी संगणकावर मूर्ती घडवताना पाहिलं. हल्ली मूळ मूर्ती पडद्यावर घडवून, त्रिमितीय छपाईयंत्रावर काढून, तिच्यावरून साचा घ्यायची पद्धत या धंद्यात शिरली आहे. त्याच्या हातात पेन होतं, पाटीवर टेकवलेलं, आणि पडद्यावर राखाडी गोळा. सोंडेची वळी तो दाबत होता, फुगवत होता, पुन्हा मागे घेत होता. चूक पुसता येते, म्हणून लोकांना वाटतं हे सोपं. माझा अनुभव उलटा. मातीत एक मर्यादा असते, माती वाळायला लागते आणि तुम्हाला थांबवते. पडद्यावर थांबवणारं कुणी नाही. त्याने सोंडेचं टोक इतक्या वेळा बदललं की शेवटी मीच कंटाळलो. डोळ्यांपाशी आल्यावर त्याने चेहरा पडदाभर मोठा केला आणि म्हणाला, "इथे मी नुसती खाच ठेवतो. डोळा आखणीवाला काढेल, मी काढला तर तो रागावतो." हे वाक्य मला फार आवडलं. कुठलं काम कुणाचं, याची समज त्या पोराला आहे. ती त्याच्या गिऱ्हाइकाला नाही. गिऱ्हाइकाने त्याला विचारलं होतं, "मशीनच तर करतंय, तुला कसले द्यायचे?"

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ११ मार्च २०२१ चा लिलाव आहे. 'बीपल' या नावाने काम करणाऱ्या अमेरिकन चित्रकाराची एक डिजिटल चित्रफाइल ख्रिस्तीज या लिलावगृहाने विकली. २००७ पासून रोज एक याप्रमाणे केलेली पाच हजार चित्रं त्यात जोडलेली होती. किंमत आली ६ कोटी ९३ लाख डॉलर. त्या वेळच्या दराने पाचशे कोटी रुपयांच्या आसपास. घेणारा मूळचा तमिळ तरुण. त्याला मिळालं काय? ती फाइल तुम्ही-आम्हीही पाहू शकतो. त्याला मिळाली मालकीची नोंद, असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या वहीतली, कुणाला खोडता न येणारी. यालाच एनएफटी म्हणतात. पुढच्याच वर्षी तो बाजार कोसळला आणि कित्येकांच्या हाती नुसत्या नोंदी राहिल्या.

रोह्यात हे समजावून सांगणं सोपं आहे. चिंतामणराव देशमुखांचं या गावाशी नातं मी तुम्हाला सांगायला नको. ते १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्या पदावरचे पहिले भारतीय, आणि नोटांवर त्यांची सही असे. ती सहीसुद्धा छापलेलीच होती, लाखोंनी. तरी कागद चालला, कारण त्या सहीमागे बँक होती, बँकेमागे सरकार होतं, आणि सही करणाऱ्याचा शब्द पाळला जाईल असा लोकांचा भरवसा होता. एनएफटीवाल्यांनी सही पक्की केली, इतकी पक्की की ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही. तिच्यामागे उभं कोण राहणार, हे मात्र त्यांनी बाजारावर सोडलं. बीपलला पाचशे कोटी आणि आमच्या फ्लेक्सवाल्या पोराला शून्य, या दोन्ही किमती मला सारख्याच बिनबुडाच्या वाटतात. दोन्हीकडे चित्राकडे कुणी बघितलेलंच नाही.

कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात ५३अ नावाचं कलम आहे. चित्र, शिल्प किंवा रेखाटन यांची मूळ प्रत दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकली गेली, तर काही अटींसह कलाकाराला त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. तरतूद चांगली आहे, पण तिचा जीव 'मूळ प्रत' या दोन शब्दांत आहे. फाइलची मूळ प्रत कुठली? पहिली साठवलेली? ज्या संगणकावर केली त्यातली? पेणचा मूळ मूर्तिकार याच फटीत सापडतो. तो मूळ मूर्तीचे पैसे एकदा घेतो. त्यावरून हजार मूर्ती निघोत, त्याला पुढे काही नाही. आणि बाजारातून मूर्ती विकत आणून तिच्यावरून चोरून साचा काढण्याचा उद्योग तर या धंद्याच्या पाचवीलाच पुजलेला. त्याच कायद्यातलं ५७वं कलम मात्र आपल्या कामाचं आहे. हक्क विकून टाकले तरी 'हे काम माझं' असं म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडे उरतो, असं ते सांगतं. फाइल असो की मूर्ती, हे कलम दोघांनाही लागू. वापरतं कोण?

नाव न लावण्याची आपली खोड मात्र जुनी आहे. तळा गावाजवळच्या कुडा लेण्यांत जा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिलालेखांत माळ्याचं नाव आहे, वैद्याचं आहे, व्यापाऱ्याचं आहे, महाभोज या स्थानिक सत्ताधीशांच्या पदरी असलेल्या लेखनिकाच्या घरच्यांचं आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांची ही नावं. ज्यांनी भिंतीवर ती देखणी जोडपी कोरली, त्यांना कुणी ओळीत बसवलं नाही. आजच्या फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हणून तीस चेहरे असतात आणि चित्रकार नसतो. फरक एवढाच, की कुड्याच्या दात्यांनी निदान चांगलं काम करून घेतलं.

आता यंत्राने काढलेल्या चित्रांबद्दल. दोन ओळी टाइप केल्या की गणपती हजर. गेल्या काही वर्षांत फलकांवर असे गणपती खूप दिसू लागले. जरा निरखून बघा. एकदंताचे दोन्ही सुळे शाबूत असतात. जानवं भलत्याच खांद्यावरून गेलेलं असतं. मोदकाच्या जागी काहीतरी पाश्चात्त्य मिठाई असते. पेणच्या कारखान्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाला येणारं शाळकरी पोरही या चुका करणार नाही. या चुका उद्या सुधारतीलही, यंत्र शिकतं. माझी तक्रार दुसरी आहे. ते शिकतं ते कुणाकुणाच्या चित्रांवरून, न विचारता. मूर्तिकारांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाजारातली मूर्ती उचलून साचा मारणं त्यांना ठाऊक आहे, हा तोच प्रकार, जगभरच्या मापाचा. म्हणून मी पडद्यावर पेन धरून बसणाऱ्या त्या तरुणाला आणि दोन ओळी टाइप करणाऱ्याला एका पंगतीत बसवणार नाही. पहिल्याने सोंडेचं टोक कुठे वळायचं हे स्वतः ठरवलं. दुसऱ्याने आलेल्या चारांतलं एक उचललं. निवडणं हेही काम आहे, मान्य. पण ते गिऱ्हाइकाचं काम आहे.

पारंपरिक कलावंतांनाही एक सांगायचं आहे. 'आमचं हाताचं' एवढ्यावर फार दिवस निभावणार नाही. हाताने केलेलं वाईट काम हे वाईटच काम असतं. साचेबंद निसर्गचित्रं, त्याच त्या बैलगाड्या आणि तेच ते खाडीकाठचे मचवे रंगवून 'डिजिटलने आमचं पोट मारलं' म्हणणारे काही जण मला ठाऊक आहेत. त्यांचं पोट त्यांनी स्वतःच मारलं आहे. आणि डिजिटलवाल्यांनीही 'फ्री' ही पाटी आधी उतरवावी. आपणच शून्य लिहिलं तर समोरचा पुढे आकडा कशाला मांडेल?

समोर बसलेल्यांमध्ये मंडळांचे कार्यकर्ते आहेत, दुकानदार आहेत, शाळांचे मुख्याध्यापक आहेत, एक-दोन नगरसेवकही दिसतात. त्यांना माझी विनंती साधी आहे. पुढच्या खेपेला फलक छापायला द्याल तेव्हा बिलात चित्राची रक्कम वेगळ्या ओळीत लिहून घ्या, आणि ती द्या. फलकाच्या खालच्या कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव छापा. तेवढ्याने चौरस फूट वाढत नाही. पेणला मूर्ती नोंदवायला जाल तेव्हा कारखानदाराला दोन प्रश्न विचारा, मूळ मूर्ती कुणी घडवली आणि आखणी कोण करतं. तो आधी चमकेल, मग सांगेल. ती दोन नावं मंडळाच्या अहवालात देणगीदारांच्या यादीच्या वर छापा. शाळांनी एलिमेंटरीच्या मुलांना वर्षातून एकदा कारखान्यात न्यावं, आणि ज्या मुलाला ब्रशपेक्षा पडद्यावरचं पेन बरं वाटतं त्याला 'हे ड्रॉइंग नव्हे' असं सांगू नये.

प्रश्न असतील तर विचारा; उत्तरं देता आली नाहीत तर पेणला विचारून सांगेन.